पायांवरची चटई

लाफाएलेने लेकीचे पाय आपल्या हातांनी दुमडले, मांडी घातल्यासारखे जमवले आणि वर चटई पसरली. फुआतिनो आता चारचौघींसारखी दिसत होती. तिची चाकांची खुर्ची त्याने लांब नीरफणसाखाली लावून ठेवली होती. सभाघरात शाळेच्या समितीवरचे गावोगावचे मताई, म्हणजे किताबधारी वडीलधारे, जमिनीवर बसणार आणि आपल्या पोरीचं डोकं त्यांच्याहून वर राहणार, ही कल्पनाच त्याला सोसवत नव्हती.

"बाबा, माझं मीच सांगू?" तिने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

उत्तर मालाकीने दिलं. तो लाफाएलेचा थोरला भाऊ. "सभाघरात पोरांनी तोंड उघडायचं नसतं. मी मेलोय का बोलायला? तुला काय बोलायचंय ते बाहेर गेल्यावर बोल."

बोलायचा हक्क मालाकीचाच होता. घराण्याचा किताब त्याचा, खांद्यावरची वक्त्याची चवरी त्याची. लाफाएले बिनकिताबी. त्याने काठवटीत आवा, सभेत प्यायचा मुळ्यांचा काढा, ढवळायचा, करवंटी भरून एकेका मताईपुढे धरायची आणि मुकाट्याने परत जागेवर येऊन बसायचं. आजवर त्याला त्यात काही कमीपणा वाटला नव्हता.

मागणी एवढीशी होती. फुआतिनो येत्या वर्षी नववीत जाणार आणि नववीचा वर्ग माडीवर. अठरा पायऱ्या. सकाळी बाप तिला उचलून वर नेईल, पण मग तो डोंगरावर अळूच्या मळ्यात जाणार, आणि संडास खाली. मागल्या परीक्षेला चार दिवस वर बसावं लागलं, तेव्हा पोर रोज पहाटेपासून पाण्याचा घोट घेत नव्हती. चौथ्या दिवशी ती बाकावरच कलंडली. खाली एक खोली आहे, त्यात जुन्या ढाली आणि फुटक्या खुर्च्या पडून आहेत. ती नववीला द्या, एवढंच म्हणणं. नाहीतर तिची शाळा संपली.

मालाकी बोलू लागला. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्याने प्रत्येक गावाच्या पूर्वजांना नमस्कार केला, त्यांच्या होड्यांची आठवण काढली, त्यांच्या शहाणपणापुढे आपण किती लहान ते तीन तऱ्हांनी सांगितलं. मूळ मुद्द्याशी मात्र तो अडखळला. घरातलं उणं परगावच्या मोठ्या माणसांपुढे उघडं कसं करायचं? त्याने चवरी या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "आमच्या पोरीच्या पायांत थोडा अशक्तपणा आहे."

थोडा. अरे सांग ना नीट, लाफाएले मनातल्या मनात भावाला विनवत होता. पाण्याचं सांग. बाकावर कलंडली ते सांग. मालाकी तोवर आभार मानायला लागला होता.

समितीचे प्रमुख सेउमालो पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गावचे. थुलथुलीत, हसतमुख गृहस्थ. त्यांनी फुआतिनोकडे कौतुकाने पाहिलं.

"पायांचं म्हणाल तर माझेच पाय तपासून घ्या," ते म्हणाले. "ही पोर तासभर मांडी घालून बसलीय. माझी मांडी केव्हाच मोडली." मंडळी हसली. "आमच्या शाळेत लहानथोर असा भेद नाही. जो जिना मताईच्या मुलाला, तोच हिला. एकटीला वेगळं वागवलं तर तिलाच वाईट वाटेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मालाकीनेही डोलावली. लाफाएलेला स्वतःचीच चीड आली. चटई त्यानेच पांघरली होती, आणि किती निगुतीने.

"चला, जेवणं येतायत. पोरांनो, बाहेर," सेउमालो म्हणाले.

लाफाएलेने काठवट उचलली. ती आधी बाहेर न्यायची, मग लेकीला उचलायचं. "थांब, आलोच," तो तिच्या कानाशी म्हणाला. दोन्ही हात काठवटीत अडकलेले, अंगणापलीकडे जाऊन तो वळला तेव्हा फुआतिनोने चटई बाजूला सारली होती.

मताईंसमोरून जाताना माणसाने वाकून जावं, अशी रीत. फुआतिनो हातांच्या तळव्यांवर भार देत, मान खाली घालून, पायघोळ झगा मागे ओढत निघाली. प्रत्येकापुढे ती हळूच म्हणे, "तुलोउ." माफ करा, तुमच्यासमोरून जातेय.

सेउमालोंचे डोळे भरून आले. "बघा, बघा जरा," ते शेजाऱ्याला म्हणाले. "आजकाल कोणाचं पोर इतकं वाकतं? मालाकी, वळण लावावं तर असं."

मालाकीने चवरीकडे पाहिलं.

फुआतिनो कडेला पोचली. जोत्यावरून ती घसरत खाली उतरली, अंगणातल्या खड्यांवर. सभाघराला भिंती नाहीत, नुसते खांब. सगळ्यांना सगळं दिसत होतं. बाहेर आल्यावर माणूस कंबर सरळ करतो. ती तशीच पुढे चालली होती, हातांवर, उन्हात तापलेल्या खड्यांवरून, नीरफणसाच्या दिशेने. लाफाएले काठवट धरून जागच्या जागी थिजला.

"पुरे गं बाय," सेउमालो हसत ओरडले. "बाहेर गेलीस की आता. उभी राहा."

फुआतिनो थांबली. तिने मागे वळून आधी काकाकडे पाहिलं, मग सेउमालोंकडे. ती खरंच बाहेर आली होती.

"उभं राहता येत नाही, आजोबा," ती म्हणाली. "तेवढंच सांगायला आलो होतो."