पावणेदोन कप

नवरा गेल्यापासून त्याची खाऱ्या पाण्यातल्या जिवंत प्रवाळाची काचेची टाकी तीच सांभाळत होती. सकाळी आंघोळ झाली की नळीत पाणी घेऊन तपासायचं, आयोडीनचे थेंब मोजून सोडायचे आणि त्याच्या वहीत आकडा लिहायचा. दोन महिन्यांत हा नेम एकदाही चुकला नव्हता आणि डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं.

"आई, आयोडीन एवढं कमी झालंय तर एकदाच ओतून मोकळी हो ना! रोज चार-चार थेंब काय मोजत बसतेस?" माहेरी आलेली लेक म्हणाली.

"एकदम नाही गं चालत. हे म्हणायचे, प्रवाळाला अचानक बदल सोसत नाही. थोडं थोडं बदलत गेलं की त्याला कळतही नाही."

लेक चहा गाळायला ओट्याशी गेली. पातेल्यात डोकावली आणि तिथेच थांबली.

"आई, तू अजून दोघांचा चहा टाकतेस?"

आईने वहीत आजचा आकडा लिहिला, पेनाला टोपण लावलं.



"नाही गं. या आठवड्यापासून पावणेदोन कप टाकते."