अख्खी तुळई

“अहो, मधोमध कापा आणि मोकळे व्हा,” वखारीचा राखणदार म्हणाला. “करवत आत आहेच. दोन तुकडे केले की ट्रेलरमध्ये आरामात मावतील.”

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं थोरल्याच्या मनात आलं.

“कापायची नाही,” तो म्हणाला.

“अजिबात कापायची नाही,” धाकटाही लगेच म्हणाला. सकाळपासून दोघा भावांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

तुळई वीस फुटी, अस्सल सागवानी. ट्रेलर दहा फुटी. वडिलांनी घरासाठी म्हणून ती कधीकाळी निवडून ठेवली होती. घर वाढवायचं राहून गेलं, वडीलही गेले, आणि आता वखार रिकामी करताना त्यांच्या हातचं हे एवढंच लाकूड उरलं होतं. ते आज धडपणे घरी पोचायला हवं होतं. सुतार संध्याकाळपर्यंतच थांबणार होता. वाटेत तुळईला तडा गेला, तर थोरल्याला घरात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

चार हमालांनी ती ट्रेलरवर चढवली. बरीचशी मागे लोंबली, ट्रेलरचं तोंड वर उचललं गेलं आणि जीपचा आकडा करकरला.

“पुढे घे, पुढे! मागे भार झालाय,” थोरला ओरडला.

“मग पुढचं टोक जीपच्या टपावर टेकवू ना, दादा. वर घट्ट बांधून टाकू.”

“आणि वळणावर रे? जीप वळेल, ट्रेलर वळेल. लाकूड कुठून वळवणार, तुझ्या डोक्यातून?”

शेवटी तुळई पुढे सरकवली, जीपला घासणार नाही इतपतच. खाली दोन ठोकळे दिले. ट्रेलरच्या तोंडाशी वाळूची पोती टाकली, तेव्हा कुठे ते खाली बसलं. थोरल्याने दोरी आवळली. धाकट्याने ती गाठ सोडून पुन्हा बांधली. थोरल्याने ती सोडली. एकाची गाठ दुसऱ्याला पटेना. अखेर दोघांनी दोन दोऱ्या बांधल्या, ज्याची त्याची वेगळी.

“इतकी काळजी लोक पोटच्या पोरांची घेत नाहीत,” राखणदार हसून म्हणाला.

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. बायको होती.

“भावजी बरोबर आहेत ना? मग त्यांना एकटं सोडू नका हं.”

“नाही सोडत, बाई!” तो वैतागून म्हणाला. तिकडे धाकटाही स्कूटरला किक मारता मारता आपल्या बायकोला फोनवर सांगत होता, “हो गं, दादाच्या मागेच राहतो. नजर हटू देत नाही.”

रस्त्याला लागल्यावर तर थोरल्याच्या नाकी नऊ आले. जीप बैलगाडीच्या चालीने चाललेली, मागची वाहनं शिव्या घालत पुढे जाणारी, आणि प्रत्येक खड्ड्याला धाकट्याचा हॉर्न. थोरला उतरून मागे गेला.

“आता काय?”

“तुझी दोरी सैल वाटतेय.”

दोरी लाकडात रुतावी इतकी घट्ट होती. थोरल्याने कपाळावर हात मारला आणि ती आणखी एकदा आवळली. चहालाही दोघांपैकी कुणी टपरीत बसलं नाही. तुळईच्या दोन टोकांना दोघं उभे राहून चहा प्यायले.

चौकात हवालदाराने अडवलं. मागे लाल फडकं होतं, दोऱ्या होत्या, काढायला खोट नव्हती. तरी त्याने विचारलंच, “कापून का नाही नेत हो?”

“वडिलांची आहे, साहेब,” धाकटा म्हणाला.

हवालदाराचा चेहरा निवळला. त्याने शिट्टी मारून सगळा चौक थांबवला आणि त्यांना वळायला ऐसपैस जागा करून दिली. “हल्ली असे भाऊ बघायला मिळत नाहीत,” तो म्हणाला. दोघंही तेवढ्यात आपापली दोरी तपासत होते.

घोडं अडलं ते घराजवळच्या बोळात. जीप डावीकडे वळवली की तुळईचं शेपूट उजवीकडच्या भिंतीवर जाणार. थोरला आरशात बघत इंच इंच सरकत होता. एकाएकी धाकटा स्कूटर टाकून धावला आणि भिंत व लाकूड यांच्यामध्ये पाठ घालून उभा राहिला.

“हो बाजूला, मूर्खा! चिरडला जाशील!” थोरल्याने करकचून ब्रेक दाबला.

“लाकडाला कोपरा लागला असता, दादा.”

“कोपरा गेला खड्ड्यात! तुला काही झालं असतं म्हणजे?”

धाकटा ओशाळून हसला. थोरल्याला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. त्याने यातलं काहीच केलं नाही. जीप थोडी मागे घेऊन पुन्हा वळवली.

तुळई घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. एक ओरखडा नव्हता. अंगणात सगळे ताटकळत होते. दोघा भावांनी सुताराच्या मदतीने ती अलगद उतरवून दोन लाकडी घोड्यांवर ठेवली. पाठ सरळ करायचीही कुणाला उसंत मिळाली नाही. दोन्ही सुना टेपची दोन टोकं धरून तयार होत्या. सुताराने सगळ्यांच्या देखत बरोबर दहा फुटांवर पेन्सिलीने रेघ मारली. थोरल्याने आपल्या टोकाकडून मोजून पाहिलं, धाकट्याने आपल्या. मग दोघांनी सुताराकडे बघून मान हलवली.

पायरीवर बसलेली आई त्रासून उठली आणि तिने करवतीखाली रिकामं घमेलं सरकवलं.

“भुसा सांडू देऊ नकोस रे बाबा,” ती सुताराला म्हणाली. “तोही दोघांना सारखा मोजून द्यायचाय.”