ओली पाठ

"हे पांढरं फडकं मांडीवर कायले घेता?" किसनरावांनी विचारलं, तशी तानाबाईनं टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला.

गप्प बसायचं ठरलं होतं. येताना एसटीत तिनं दोनदा बजावलं होतं, "खा, हासा, हो म्हना. पन अमरचं नाव काढायचं नाही. फवारनीचं त नाहीच नाही."

कपाशीवरच्या फवारणीनं गावोगाव माणसं पडली त्या साली त्यांचा पोरगा अमरही गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून पोरीच्या, अपेक्षाच्या, दोन सोयरिकी मोडल्या. हा बाप पाहुण्यांसमोर मेलेल्या पोराचं काढून ढसाढसा रडायचा, आणि पाहुणे अर्धा कप चहा तसाच ठेवून उठायचे. त्यांना तरी काय बोल लावायचा? रडत्या घरी वरात कोण आणतो?

आज मुलाच्या आईनं, इंदूबाईंनी, पुसदजवळच्या रिसॉर्टात जेवायला बोलावलं होतं. तलावाकाठी हिरवळ, हिरवळीवर टेबलं, माणशी तीन तीन चमचे. जेवण उरकलं की साखरपुड्याची तारीख धरायची होती. अपेक्षा नव्या साडीत ताठ बसली होती. मुलगा तिला आवडला होता, अगदी मनापासून. सूप आल्यावर किसनरावांनी वाटीच उचलून तोंडाला लावली, तेव्हा त्यानंही चमचा खाली ठेवून वाटी तोंडाला लावली.

"घ्या!" इंदूबाई हसल्या. "सासरा-जावई एकाच वळणाचे निघाले बाप्पा!"

तानाबाईचा जीव भांड्यात पडला.

मग पलीकडच्या टेबलावर कुणीतरी डास चावतात म्हणून ओरड केली. मॅनेजरनं माळ्याला हाक मारली. उकंडा नाव त्याचं. पन्नाशीचा, हडकुळा. तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आला आणि मेंदीच्या कुंपणावर मारत निघाला. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत.

किसनरावांचा घास हातातच राहिला. हा वास डासांच्या औषधाचा नव्हता, कपाशीवरच्या औषधाचा होता. तो वास ते सरणावर गेले तरी विसरणार नव्हते. वरून पंप गळत होता. उकंडाच्या सदऱ्याची पाठ कमरेपर्यंत ओली झाली होती.

"जेवा," तानाबाई पुटपुटली. तिनंही पाहिलं होतं. "माही आन हाय तुमाले, जेवा."

किसनरावांनी घास तोंडात घातला. चावला. खरंच चावला हो त्यांनी, पोरीकडं पाहून गिळलासुद्धा.

कुंपणाच्या टोकाला उकंडा थांबला. पट्टा सैल करत म्हणाला, "साहेब, पाठ चुरचुरून राह्यली."

"तेवढी टाकी संपव," मॅनेजर म्हणाला. "मंग धू."

किसनराव उठले. खुर्ची मागं पडली. त्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून अमरला त्यांनी हेच सांगितलं होतं. हेच, शब्द न् शब्द.

धावत जाऊन त्यांनी उकंडाला पंपासकट आडवा पाडला. पट्टे ओढून पंप फेकला, सदरा गळ्यापासून टरकावला. उकंडा भेदरून लाथा झाडायला लागला. एक लाथ किसनरावांच्या तोंडावर बसली आणि ओठ फाटला. त्यांनी त्याला पालथा घातला, मानेवर गुडघा ठेवला आणि बनियन दोन्ही हातांनी फाडलं.

"अबे काढ! काढ आंगातलं! मरशीन लेका!"

बाया किंचाळल्या. वॉचमनची काठी किसनरावांच्या डोक्यात बसली, दुसरी कानशिलात. रक्त डोळ्यात उतरलं तरी म्हातारा सोडेना. दोन वेटरांनी त्यांचे हात पिरगळले. मुलगाही धावला, आणि त्यानं मागून होणाऱ्या सासऱ्याचा गळा आवळला.

"सोडा त्याले! जीव घेता काय त्याचा?"

अपेक्षानं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

"ते मारून नाही राह्यले!" ती ओरडली. "त्याच्या आंगावरचं जहर काढून राह्यले!"

मुलगा मनगट धरून मागं सरला. दात चांगलेच रुतले होते. इंदूबाईंनी त्याचा दुसरा हात धरला. "चाल रे. बाप तसा, पोरगी तशी. अख्खं घर पिसाळलं हाय." मुलानं एकदा वळून अपेक्षाकडं पाहिलं, आणि गेला.

तानाबाई एकटीच टेबलापाशी उरली. ताटं तशीच भरलेली. तारीख धरायची राहिली ती राहिलीच. तिनं पाण्याचा जग उचलला, मांडीवरचं पांढरं फडकं घेतलं, बेसिनवरून साबणाची बाटली घेतली आणि गर्दीत घुसली. वॉचमन काठी उगारून आडवा आला.

"मार," ती म्हणाली. "पन पयले मले पानी टाकू दे."

तो बाजूला झाला.

किसनराव गवतावर पडून धापा टाकत होते. अपेक्षानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, नवी साडी रक्तानं भरली होती. शेजारी उकंडा उघड्या अंगानं थरथरत होता. त्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लाल चट्टा उठला होता. तानाबाईनं जग रिकामा केला, साबण ओतला आणि फडक्यानं पाठ चोळायला लागली. जोरात, दात आवळून. उकंडा उठायला लागला.

"हालू नको, अमर," ती म्हणाली.

उकंडानं तिच्याकडं पाहिलं. मग मान खाली घालून त्यानं पाठ तिच्या पुढ्यात केली.