घट्ट दगडातला वास

पेट्रोल जगातून हद्दपार होऊन तीस वर्षं झाली होती. तेलविहिरींतून काढलेल्या खडकांचं गोदामही आता मोडीत निघणार होतं, म्हणून शालनताई एक नमुना घरी न्यायला आल्या होत्या. तो नमुना ज्या विहिरीतला होता, ती त्यांच्या नवऱ्याने, भास्करने, खणली होती आणि भूवैज्ञानिक म्हणून शालनताईंनीच ती निकामी ठरवली होती. वाळूचा खडक फार घट्ट, भेगा नाहीत, तेल वाहणार नाही! तेव्हा भास्कर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

त्यांनी हातोडीने एक तुकडा फोडला आणि सवयीने जीभ लावली.

"अहो ताई, दगड काय चाटताय?" गोदामातली रेवा दचकली.

"ओला केला की कण नीट दिसतात गं."

पण कण बघायचे राहूनच गेले. तेल खणायच्या रिगवरून आलेल्या भास्करच्या शर्टाला यायचा, कितीही धुतला तरी जायचा नाही, तोच हा वास.

रेवाने नाक पुढे केलं. "कसला हो हा?"

"आमच्या घराचा," शालनताई म्हणाल्या.

"मग दुसराही फोडू?"

"नको, नको!" त्यांनी तो तुकडा झटकन पदराखाली घेतला. दगडाला भेगा नव्हत्या म्हणूनच तर तो वास इतकी वर्षं आत टिकला होता.