बिनछापाचा कपॅसिटर

सर्वज्ञ यंत्र कधीच चुकत नाही, असं ओळख-खात्याच्या भिंतीवर कोरलं होतं. आज ते बंद होतं, म्हणून आजही चुकलं नव्हतं. कंपन्यांनी सुट्या भागांवर काही छापणंच सोडल्यापासून प्रत्येक कपॅसिटर किती क्षमतेचा, हे तेच ओळखायचं. आता त्याच्याच बोर्डावरचा एक जळाला होता. खात्यातल्या तंत्रज्ञ मुक्ता पेठेच्या वडिलांच्या श्वासयंत्राचा बोर्ड तपासणीच्या रांगेत पडला होता, आणि घरचा ऑक्सिजनचा सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरणार होता.

“साहेब, सर्वज्ञाच्या बोर्डावर जळालेल्याच्या शेजारचा तसाच दिसतो. सुटा काढून मीटरवर मोजते.”

“हातानं मोजलेलं चालत नाही, पेठेबाई. सर्वज्ञाकडे रीतसर अर्ज करा.”

“अहो, तेच मेलंय ना!”

“मग तसं अर्जात लिहा.”

मुक्तानं वडिलांचा बोर्ड उचलला आणि मीटर घेऊन घर गाठलं. एकही कपॅसिटर काढावा लागला नाही. फ्यूज उडाला होता.