शर्टाची बटणं

"गाडी मीच चालवत होतो," तोकुजी म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा सांगितलं.

हवालदार ओनोदेराने ते वहीत टिपलं. बर्फावरून घसरलेली गाडी रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवून खांबावर आदळली होती. बाजारात सफरचंदं विकणारी ती बाई आता याच इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या टेबलावर होती. जगेल की नाही, कोणी सांगत नव्हतं.

परवाना कुठाय, असं विचारल्यावर तोकुजी म्हणाला, गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर लागलं तेव्हाच ठाण्यात परत केला. मग स्टिअरिंगला हात का लावला? चाळीस वर्षं टॅक्सी चालवली, सवय जात नाही.

"तुरुंगात जाल, आजोबा. लेक बरोबर होती, तिला का नाही चालवू दिलीत?"

"ती नको नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

पडद्यापलीकडे त्याची लेक मिनाए प्लास्टरमधला हात पोटाशी धरून पडली होती. बालवाडीची बस चालवायची ती. आल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तोकुजीची नजर सारखी त्या पडद्याकडे जात होती.

डॉक्टर हाताकेयामा आल्या. सीटचा पट्टा लावला होता म्हणून वाचलात, नाहीतर काचेतून बाहेर फेकले गेला असतात, म्हणाल्या. "पण तोच पट्टा पोटात रुततो. आतडं फाटलं तरी वरून कळत नाही. शर्ट काढा, बघू."

"पोट ठणठणीत आहे माझं."

बेंबीखाली मात्र निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. त्याचा एक टॅक्सीवाला दोस्त असाच 'ठणठणीत आहे' म्हणत दोन दिवसांत गेला होता. तोकुजीला ते आठवलं. तरी त्याने कॉलर मुठीत घट्ट आवळून धरली.

डॉक्टरांनी समजावलं. हवालदारानेही समजावलं, म्हणाला, या वयात लाज कसली? म्हाताऱ्याने थंडी वाजते म्हणून सांगितलं. दात खरोखरच वाजत होते.

मग छत फिरलं. कॉलरवरची मूठ सैल पडली.

"रक्तदाब उतरतोय," डॉक्टर म्हणाल्या आणि कात्रीने शर्ट खालपासून वरपर्यंत कापला.

पोट फळीसारखं कडक झालं होतं. छातीवर चार बोटं रुंद, काळानिळा वळ उमटला होता. डाव्या खांद्यापासून निघून तो तिरपा उजव्या कमरेपर्यंत उतरला होता.

ओनोदेराचं पेन थांबलं. रोज सकाळी जीपच्या स्टिअरिंगमागे बसताना तो ज्या खांद्यावरून पट्टा ओढून घ्यायचा, तिथे त्याचा हात आपसूक गेला. उजव्या खांद्यावर.

मग त्याने पडद्याकडे पाहिलं.