पहिला गिअर

गॅरेजवाल्या मेस्त्रीनं बसवलेल्या रिमोटवर त्याच्या दुकानात झटक्यात सुरू होणारी आदर्शची गाडी घरासमोर मात्र सकाळी हट्टाला पेटायची. “अण्णा, गिअरमध्ये ऱ्हायली तर सुरू हुईत न्हाय,” मेस्त्री म्हणाला. “मी न्यूट्रललाच लावतो रं, तुझंच काम कच्चं हाय,” आदर्श तडकला. वैतागून मेस्त्रीनं गिअर ओळखणारी वायरच तोडली. “आता कशीबी सुरू हुईल. गिअरमध्ये असली तर उडी मारंल, तेवढं सांभाळा.” संध्याकाळी उतारावर गाडी लावून आदर्श माडीवर गेला आणि राहवेना म्हणून रिमोट घेऊन गॅलरीत आला. खाली त्याचे वडील, आप्पा, गाडीत वाकून पहिला गिअर टाकत होते. जन्मभर तवंदी घाटात तंबाखूचे ट्रक चालवलेल्या आप्पांचा हँडब्रेकवर कधीच भरवसा नव्हता. मग ते पुढच्या चाकासमोर बसून रोजचा दगड लावू लागले. बटणावर टेकलेला अंगठा आदर्शला दुसऱ्या हातानं सोडवावा लागला.